बोस, नंदलाल
(३ डिसेंबर १८८२–१६ एप्रिल १९६६). विख्यात भारतीय चित्रकार. अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य. १९०९ च्या सुमारास त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. तेथील रेषेचा संस्कार त्यांच्यावर कायमचा झाला. तथापि त्यांच्या प्रतिभेला खरा बहर आला तो शांतिनिकेतनात. वसंतातील पळस-सावरीचा फुलोरा, संथाळांचे जीवन, बंगालची लोककला हे त्यांचे विषय. कलाभवनाचे प्रमुख या नात्याने ऋतूत्सवांची सजावट त्यांनी कलाशिक्षणाचेच अंग मानली. श्रीनिकेतनमधील ‘हलकर्षण’ (१९३०) हे भित्तिचित्र नांगरणीच्या उत्सवाचे आहे. हरिपुरा काँग्रेससाठी रंगविलेली चित्रे (१९३८) अधिक गाजली. उत्सवप्रसंगी सहकाऱ्यांसह व विद्यार्थ्यांसह जमिनीवर रेखाटलेल्या अल्पना (रांगोळ्या) मात्र उत्सवाबरोबरच पुसल्या गेल्या. साहजिकच त्यांच्या कार्याचा हा भाग संग्रहालयांत फारसा आढळत नाही.