सवय शरीराला नाही, जंतूंना होते

“डॉक्टर, मागच्या खेपेच्या गोळ्या आता लागू पडत नाहीत, शरीराला सवय झाली वाटतं. जरा पावरची द्या.” धाराशिवला दवाखान्यात बसलो की हे वाक्य आठवड्यातून चार वेळा तरी ऐकू येतं. तक्रार खरी असू शकते, पण सवय होते ती जंतूंना. आणि ही गोष्ट अँटिबायोटिकइतकीच जुनी आहे.

पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पुरस्काराच्या भाषणातच सावध केलं होतं: उद्या हे औषध कुणालाही दुकानात मिळेल, लोक अपुरा डोस घेतील आणि जंतू त्याला दाद देईनासे होतील.

पुढे तीनच वर्षांनी याचा पुरावा मिळाला. ब्रिटनमध्ये टीबीच्या 107 रुग्णांवर अभ्यास झाला. 55 जणांना स्ट्रेप्टोमायसीन दिलं, बाकीच्या 52 जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी 4 दगावले, दुसऱ्या गटातले 14. केवढा आनंद झाला असेल! पण पाच वर्षांनी हिशेब मांडला, तर मृत्यू 32 आणि 35. फायदा जवळजवळ पुसला गेला होता. लाखो जंतूंमध्ये मुळातच चिवट असे थोडे असतात. एकट्या औषधाने बाकीचे मेले, चिवट तेवढे उरले आणि वाढले. टीबीला एकाच वेळी अनेक औषधं देतात ती यासाठीच.

आपल्याकडे 1955 मध्ये पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन तयार होऊ लागलं. ते फार मोठं काम होतं, यात शंका नाही. फ्लेमिंग म्हणाले होते ते दुकानही मग गावोगावी आलं.

त्याचं टोक मुंबईत दिसलं. 2011 च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी टीबीचे चार रुग्ण नोंदवले. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू जुमानत नव्हते. चौघांपैकी तिघांनी निरनिराळ्या डॉक्टरांकडून अनियमित, बऱ्याचदा चुकीच्या डोसची औषधं घेतली होती. म्हणजे दोष फक्त रुग्णांचा नाही, आम्हा डॉक्टरांचाही आहे.

1 मार्च 2014 पासून अनेक अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं ‘शेड्यूल एच-1’ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम आहे.

राहिली सर्दी. ती विषाणूंमुळे होते, त्यांना अँटिबायोटिक काहीच करत नाही. मात्र तुमच्या आतड्यातल्या जंतूंवर तिचा मारा प्रत्येक वेळी होतो, आणि चिवट जंतू तिथेही उरतात. म्हणून पुढच्या वेळी येताना वर्षभरात घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं पिशवीत घालून आणा. “पांढरी लांबट गोळी होती” एवढ्यावरून मला काही कळत नाही.