नडगीची हकीकत

गेल्या जानेवारीत एका सोमवारी पहाटे माझ्या पुतण्याचा फोन आला. पुतण्या म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा. तो अमेरिकेत डेन्व्हर शहरी नोकरीला आहे. तिथून रॉकी पर्वत जवळ. हिवाळा आला की सुट्टीच्या दिवशी तरुण मंडळी गाड्या काढतात आणि बर्फावर स्कीइंग करायला जातात. हाही गेला होता. म्हणाला, "चाचा, दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या पडल्यात. जिना उतरवत नाही. इथं सगळे म्हणतात, पहिल्यांदा असंच होतं, सोसायचं. दादाजींच्या पायाला पण असंच काहीतरी होतं ना?"

आम्ही माधवनगरची माणसं. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली. बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण पोराचा प्रश्न बरोबर होता. त्याचे आजोबा, म्हणजे माझे चुलते, फौजेत होते. सगळा मोहल्ला त्यांना फौजी चाचा म्हणायचा. १९६० नंतरच्या त्या दशकात त्यांनी दोन हिवाळे उत्तरेकडच्या बर्फात काढले आणि तिथे ते स्कीइंग शिकले. संध्याकाळी ते लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून ओट्यावर बसत. तेव्हा घोट्याच्या वर वीतभर अंतरावर दोन्ही नडग्यांना एक गुळगुळीत, केस नसलेला, चकाकणारा पट्टा दिसायचा. आम्ही पोरं विचारायचो, "हे काय झालंय?" ते म्हणायचे, "बर्फानं चाटलंय." कितीतरी वर्षं मला वाटत होतं, बर्फ हे एखादं जनावर असावं.

पुतण्याच्या फोनमुळे मी या नडगीचा इतिहास शोधू लागलो. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

मुळात नडगी ही आपल्या देहातली मोठी उघडी जागा आहे. मागच्या बाजूला पोटरीचं मांस आहे, पुढे मात्र कातडी आणि तिच्याखाली लगेच हाड. मध्ये गादी नाही. म्हणून खाटेचा कोपरा लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. आपल्या भागातल्या पायताणांनी या जागेला कधी हात लावला नाही. नवी कोल्हापुरी चप्पल चावते, पण ती चावते अंगठ्याला आणि पावलाला. तेल लावलं, चार दिवस चाललं की ती पायाची होते. नडगीपर्यंत काहीतरी आवळून बांधायची पाळी आपल्या माणसांवर प्रामुख्याने आणली ती फौजेने.

त्या बांधण्याचं नावही आपलंच आहे. पट्टी. हिमालयातले डोंगरी लोक थंडीसाठी पायाला लोकरी पट्ट्या गुंडाळत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या फौजेने ती पद्धत उचलली आणि शब्दासकट ती इंग्रजीत गेली. तिथे ती 'पटी' झाली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द ब्रिटिश सैन्याच्या गणवेशात ती आली. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळी आणि घोडेस्वार गुडघ्याखालून खाली. घोट्याला आधार मिळे, बुटात खडे जात नसत. पण एक खोड होती. पट्टी भिजली आणि घट्ट बांधलेली असली, की पायाचं रक्त अडायचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, हजारो शिपायांची पावलं सुजून बधिर झाली. त्याला खंदकातलं पाऊल असं नाव पडलं. मग हुकूम निघाले, की पट्ट्या सैल बांधा, मोजे बदला, पाय कोरडे करून तेल चोळा.

त्या महायुद्धात सातारा-सांगलीकडची पोरं मोठ्या संख्येने होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले ४६ जवान त्यात कामी आले. आजही ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखलं जातं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये लढल्या. कुतच्या वेढ्यात त्यांनी थंडी, पूर आणि उपासमार सोसली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं आणि हजारो कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आलं. पुष्कळ जण वाटेतच गेले. या लढायांवर ग्रंथ आहेत, स्तंभ आहेत. पण जे परत आले, त्यांच्या पायांचं काय झालं, हे त्यांच्या घरच्यांनी तरी विचारलं असेल का?

शिपायाच्या पायाचं दुखणं ओळखायला वैद्यकालाही वेळ लागला. १८५५ साली ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरांनी नोंदवलं, की लांब कूच केलेल्या तरुण शिपायांची पावलं सुजतात, दुखतात. सूज दिसत होती, कारण दिसत नव्हतं. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांनी त्या पावलांची छायाचित्रं घेतली, तेव्हा हाडाला बारीक भेग दिसली. पडणं नाही, मार नाही. नुसत्या चालण्याने, त्याच त्या जागी लाखदा ताण येऊन हाड तडकलं होतं. अशीच भेग नडगीलाही पडते. म्हणजे बेचाळीस वर्षं दुखणं खरं होतं, फक्त पुरावा नव्हता.

आता बर्फाकडे वळू. पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाणं हे हजारो वर्षांपूर्वीचं तंत्र आहे. रशियाच्या उत्तरेकडे दलदलीत सापडलेले स्कीचे तुकडे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. शिकारीसाठी, सरपणासाठी, शेजारच्या गावी जाण्यासाठी ते वापरत. बूट साधा कातडी असे आणि टाच मोकळी असे. खेळ म्हणून उतारावरून वेगात घसरणं आलं ते एकोणिसाव्या शतकात, नॉर्वेतून आणि मग आल्प्समध्ये. वेग वाढला तशी टाच फळीला जखडावी लागली. आपल्याकडे साहेबांनी गुलमर्गला १९२७ साली स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या लढाईत बर्फाची गरज कळली आणि १९४८ साली भारतीय सैन्याची स्कीची शाळा गुलमर्गलाच सुरू झाली. तीच पुढे उंच डोंगरावरच्या युद्धाची शाळा झाली. हजारो मैल दूरच्या, बर्फ न पाहिलेल्या दख्खनी पोरांच्या पायांची बर्फाशी गाठ पडली ती अशी.

चाचांच्या काळी बूट कातडी होते, नाड्यांचे, घोट्याच्या थोडे वर येणारे. पडलं की घोटा मुरगळे किंवा मोडे. १९६० नंतर प्लास्टिकचे बूट आले. उंच, ताठ, पेटीसारखे, वरून चापांनी आवळायचे. घोटा सुरक्षित झाला. पण गंमत पाहा. घोट्याची मोडतोड कमी झाली, तेव्हा बुटाच्या काठाशी नडगीचं हाड मोडू लागलं. मग पडताना बूट फळीतून आपोआप सुटावा असे चाप सुधारले. नडगीची मोडतोड कमी झाली, तर गुडघ्याचे स्नायुबंध तुटण्याचं प्रमाण वाढलं. एक जागा झाकली की मार वरच्या जागेवर सरकला. माणूस अवजार सुधारतो तेव्हा दुखणं नेहमी संपतंच असं नाही, कधीकधी ते घर बदलतं.

आता पुतण्याच्या नडगीचं. स्कीचा उतार उतरताना अंग पुढे झुकवायचं असतं. नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली हवी. नवखा माणूस घाबरतो आणि मागे रेलतो. मग नडगी जिभेपासून सुटते आणि प्रत्येक उंचवट्याला धाडकन तिच्यावर आदळते. बूट सैल असेल तर आणखीच. आणि नवखा माणूस बूट सैलच घेतो, कारण घट्ट बूट दुकानात टोचतो. वर थंडीच्या भीतीने दोन-दोन मोजे घालतो. त्या मोज्यांच्या घड्या कातडीत रुततात.

नेमकं हेच चाचांनी केलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला शेवटच्या आजारपणात सांगितली. घरून नेलेले लोकरी मोजे त्यांनी एकावर एक असे दोन जोड चढवले होते. नडगीची कातडी सोलवटली, वरून पुन्हा तोच बूट, जखम चिघळली. तीन आठवडे ते कुणाला बोलले नाहीत. बोललो तर लोक म्हणतील, दख्खनचा गडी बर्फाला भ्याला. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या गढवाली जवानाने रात्री रक्ताळलेला मोजा पाहिला. तो हसला नाही. त्याने एक जोड काढून फेकला, एकच पातळ मोजा घडी न पडू देता चढवला आणि टाच मागे ठोकून नाड्या वरपर्यंत कशा ओढायच्या ते दाखवलं. "बर्फाचा काय दोष, बेटा?" चाचा म्हणाले. "बुटाचा पण नाही. मी बोललो नाही, हा दोष."

मी पुतण्याला हे सगळं सांगितलं. काही दिवस डोंगर बंद. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-चार वेळा. पुढच्या वेळी बूट जाणत्या माणसाकडून मापून घे, मोजा एकच. पायजम्याची काठ बुटात कोंबू नको. बोट ठेवावं त्याच एका जागी हाड दुखत राहिलं, तर भेगेची शंका घेऊन डॉक्टर गाठ. पोटरी दगडासारखी ताठली, दुखणं वाढतच गेलं आणि बोटं बधिर झाली, तर त्याच रात्री दवाखाना. आतल्या दाबाने रक्त अडलं तर स्नायू काही तासांत मरू लागतात.

नंतर कळलं, त्याचा बूट दीड माप मोठा निघाला. आता बरा आहे.

फोन ठेवला तेव्हा उजाडलं होतं. समोरच्या गल्लीतून रात्रपाळीचे कामगार परतत होते. मागावर आख्खी पाळी उभ्याने काढायची असते. त्यातला एक जण आमच्या ओट्याला टेकला आणि पोटरी दाबू लागला. तो रोजच टेकतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, "पाय दुखतात का हो?" तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली." आणि बसून सांगू लागला.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)