शिवराईवरचा कळंक

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राख लावून लख्ख केली जातात. हंडे-घागरींना हे अभ्यंगस्नान मानवते. पण नांगराच्या तासात सापडलेल्या किंवा आजीच्या गाठोड्यातून निघालेल्या जुन्या पैशाला ते मुळीच मानवत नाही.

असा पैसा आपल्या मुलखात पुष्कळदा शिवराई असतो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्यांनी आपल्या नावाची नाणी पाडली: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन तिजोरीत जाऊन बसला. शिवराई मात्र मीठ-मिरचीच्या व्यवहारात बाजारभर हिंडली. फारसी अक्षरांच्या नाण्यांना सरावलेल्या रयतेच्या तळहातावर आता नागरी अक्षरे आली. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. पुढे पेशवाईतही हीच अक्षरे ठोकली जात राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही शिवराई चालत होती.

मग हाती आलेली शिवराई कोणत्या काळातली, हे कसे ओळखावे? टाकसाळीत तांब्याची चकती ठशाहून लहान असे, म्हणून सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच मिळतात. कुठे ‘श्री’ कापलेली, कुठे नुसता ‘पति’. अक्षरांची वळणे, काठावरच्या ठिपक्यांचे कडे आणि वजन हीच साक्ष. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील, तर ती उत्तरकाळातली ‘दुदांडी’ समजावी. झिजलेले नाणे दिव्यासमोर तिरपे धरावे. बुजलेली अक्षरे सावलीने वर येतात. पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल हलकेच फिरवली, तर मुलांनाही ती वाचता येतात.

आता सफाई. मातीतल्या ओलीने तांब्यावर आधी तांबूस-काळा आणि मग हिरवा थर चढतो. आपण त्याला कळंक म्हणतो. परंतु झिजलेल्या नाण्यावर पुष्कळदा अक्षराचा उरलासुरला उंचवटा त्या थरातच टिकून असतो. चिंचेचे आम्ल थर विरघळवते आणि त्याबरोबर अक्षरही नेते. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात नाणे भिजू द्यावे, पाणी बदलत राहावे, मऊ कुंचल्याने माती सोडवावी आणि नीट वाळवावे. फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसली, तर मात्र जाणकारालाच दाखवावे. तो तांबे खाणारा रोग असतो.

जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरांस लेखी कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो, हेही ध्यानी असावे.

तेव्हा वाचकहो, यंदा घागरी खुशाल उजळा. शिवराई तेवढी काळीच राहू द्या. ती ज्या हातांनी झिजली त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. त्यांच्या हाताळण्याची खूण तेवढी तिच्या अंगावर उरली आहे.