बालबोधमेव्यातील एक चरित्र

आपणां मंडळाच्या सभासदांपैकी बहुतेकांना या शहरात आणले ते बदलीच्या हुकुमाने, बँकेच्या नेमणुकीने अथवा कारखान्यातील नोकरीने. एखादे पुस्तक वाचले आणि घर सोडले, असे सांगणारा आपल्यात विरळाच. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याची आज्ञा झाली तेव्हा मात्र मला अशाच एका गृहस्थाची आठवण झाली. त्यांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे पंडित म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. परंतु या पांडित्याचा उगम कोणत्या थोर ग्रंथात नसून मुलांच्या एका मासिकातील चार पानांत आहे, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता व मराठी शिक्षणाची सोय बेताची होती. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले, पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले आणि घरच्या नारळीच्या बागेची देखभाल करण्यात दिवस जाऊ लागले. वाचनाची आवड तेवढी होती. तुकोबांच्या अभंगांनी त्यांच्या मनाची पकड घेतली होतीच. अशात 'बालबोधमेवा' या मासिकात आलेले बुद्धाचे संक्षिप्त चरित्र त्यांच्या वाचनात आले. हे मासिक अमेरिकन मिशनचे. ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी मराठी मुलांसाठी चालविलेल्या नियतकालिकाने गोव्यातील एका हिंदू तरुणाला बुद्धाकडे वळवावे, यातला विनोद वाचकांच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही. छापलेला शब्द एकदा हातावेगळा झाला की तो कोठे रुजेल यावर छापणाऱ्याचा अधिकार राहत नाही.

त्या काळी बुद्धाविषयी मराठीत फारसे काही उपलब्ध नव्हते. धर्मानंदांना हवे होते मूळ. ते मिळवायचे तर संस्कृत शिकले पाहिजे, जेथे बौद्ध धर्म जिवंत असेल तेथे गेले पाहिजे, आणि हे सारे गाठीला पैसा नसताना! १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली तान्ही मुलगी माणिक.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे नेपाळात बौद्ध धर्म सापडेल या आशेने हिमालयाची वाट तुडविली, पण जे पाहिले त्याने निराशाच पदरी आली. बोधगयेस कळले की पाली शिकायचे तर सिंहलद्वीपास जावे. १९०२ साली ते कलकत्त्याहून तेथे पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकू लागले. नंतर ब्रह्मदेशातही राहिले. आज एका रात्रीच्या विमानप्रवासाने थकणाऱ्या आम्हां लोकांना त्या पायपिटीची कल्पना येणे कठीण आहे. अनोळखी अन्न, अनोळखी भाषा आणि आजारपण यांचे वर्णन त्यांनी आपल्या 'निवेदन' या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात इतक्या कोरडेपणाने केले आहे की, एखाद्या कचेरीतील टिपणाची आठवण व्हावी. माझ्यासारख्याला तो कोरडेपणा विशेष भावतो.

सुमारे सात वर्षांनी, १९०६ साली, ते घरी परतले. त्याच सुमारास कलकत्त्यात राष्ट्रीय महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम त्यांना मिळाले. पायपीट संपली होती, स्थैर्य आले होते. दुसरा कोणी तेथेच स्थायिक झाला असता. परंतु ज्या तुटवड्यापायी आपण घर सोडले, तो मराठीतला तुटवडा जसाच्या तसा होता, हे शल्य त्यांच्या मनात असले पाहिजे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावेत. धर्मानंदांनी कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून हे ५० रुपये पत्करले. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या माणसाला हा हिशेब कागदावर मांडून पाहिला तरी धडकी भरते.

पुढे १९१० साली प्रा. जेम्स वुड्स यांच्या प्रयत्नाने ते अमेरिकेस हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम अपुरे राहिले होते, ते त्यांच्याकडे आले. श्रेयाच्या प्रश्नावरून प्रा. लॅनमन यांच्याशी खटके उडाले आणि काम रेंगाळले. एकूण चार वेळा त्यांना अमेरिकेची वारी करावी लागली. ती आवृत्ती हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाली १९५० साली. धर्मानंद ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे निवर्तले होते. मधल्या काळात फर्ग्युसन महाविद्यालय, गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, मिठाचा सत्याग्रह असे बरेच काही घडले. पण 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह' आणि शेवटी 'भगवान बुद्ध' हे ग्रंथ त्यांनी मराठीतच लिहिले. मूळ पाली ग्रंथांच्या आधारे लिहिलेले बुद्धाचे चरित्र ज्याला हवे असेल, त्याला आता सिंहलद्वीपास जाण्याचे कारण उरले नाही.

(बुद्धचरित्राने मराठी वाचकाचे आयुष्य बदलल्याचे याहून प्रसिद्ध उदाहरण आहेच. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना भेट दिले होते. तो विषय स्वतंत्र लेखाचा.)

'निवेदन' मी प्रथम वाचले ते आपल्याच मंडळाच्या ग्रंथालयातून नेऊन, येथे बदलून आलो त्या वर्षी. मुलीच्या दहावीपायी कुटुंब मागे ठेवले होते. संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत ते पुस्तक वाचताना धर्मानंदांच्या धैर्याचे कौतुक वाटे, आणि त्याच वेळी नजर बाळाबाईंना शोधत राही. पुस्तकात त्यांच्या वाट्याला फार थोडी वाक्ये आली आहेत. नवऱ्याने ज्ञानासाठी घर सोडले, असे आपण अभिमानाने म्हणतो. तान्ह्या मुलीला घेऊन सात वर्षे त्याची वाट पाहणारीने काय सोडले, याची नोंद कोणी ठेवीत नाही. मला तरी हे कोडे सुटलेले नाही, आणि धर्मानंदांच्या मोठेपणाने ते सुटते असेही मी मानत नाही.

एवढे मात्र नमूद केले पाहिजे. १९१८ साली धर्मानंद पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा माणिक आणि धाकटा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून विख्यात झाले. १८९९ साली ज्या तान्ह्या मुलीला मागे टाकून वडील निघाले होते, ती माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी घेऊन परतली. बाळाबाई त्याही वेळी गोव्याकडेच होत्या.