लाखभर किलोमीटर चाललेली कार घेतलीय? आधी हे तपासा

जुनी कार घेतल्यावर एक नियम लक्षात ठेवा : बिल नाही, म्हणजे काम झालेलं नाही. मीटरवरचा आकडा मागे फिरवता येतो, त्यामुळे सर्व्हिसचा जुना रेकॉर्ड मागून घ्या.

कूलंट : अकोला-अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. आत तांबूस, गंजलेलं पाणी दिसलं तर सिस्टीम धुऊन नवं कूलंट भरा. होज पाइप, वॉटर पंप आणि पंखाही पाहून घ्या.

टायमिंग बेल्ट : तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. त्यापुढे नव्या बेल्टचा खर्च किरकोळ आहे. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते, मॅन्युअलमध्ये बघा.

टायर : बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी भेगा पडलेला टायर मे महिन्यात महामार्ग ५३ वर नेऊ नका.

ब्रेक ऑइल : ते हवेतला ओलावा शोषतं. जुनं झालेलं ऑइल तापलं की ब्रेक कमी लागतात. साधारण दोन वर्षांनी बदला.

इंजिन ऑइल आणि फिल्टर तर लगेच बदला. या सगळ्या कामांचे पैसे सौदा करतानाच बाजूला ठेवा.