दर्जा आईचा, मालकी बापाची

डिसेंबर १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या असेंब्लीने ठरवलं, की मूल गुलाम की स्वतंत्र हे केवळ आईच्या दर्जावरून ठरेल. इंग्रजांच्या रिवाजात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. मग ही उलटी गंगा कुठून आली?

रूढ उत्तर आहे रोमन कायद्याचं. रोममध्ये दासीचं मूल दासच होई आणि स्पॅनिश-पोर्तुगीज वसाहतींनीही तेच उचललं होतं. दुसरं उत्तर गोठ्यातलं: गाय ज्याची, वासरू त्याचं. दोन्हींत तथ्य आहे, पण कायद्याची गरज १६६२ मध्येच का पडली, हे त्यांतून कळत नाही.

मला ते उत्तर एलिझाबेथ की हिच्या दाव्यात दिसतं. तिचा बाप टॉमस की असेंब्लीचा इंग्रज सदस्य, आई आफ्रिकी. १६३६ मध्ये बापाने तिला नऊ वर्षांच्या चाकरीवर हम्फ्री हिगिन्सनकडे सोपवलं. मुदत सरली, मालक बदलला, सुटका मात्र झाली नाही. नवा मालक जॉन मॉट्रम १६५५ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या इस्टेटीच्या कारभाऱ्यांनी तिची गणना गुलामांत केली. तिने दावा लावला. तिची बाजू मांडणारा विल्यम ग्रिनस्टेड पुढे तिचा नवरा झाला. तिचं म्हणणं असं: बाप स्वतंत्र इंग्रज, माझा बाप्तिस्मा झालेला, चाकरीची मुदतही संपलेली. प्रकरण असेंब्लीपर्यंत गेलं. स्वतंत्र पुरुषापासून गुलाम बाईला झालेलं मूल स्वतंत्रच असायला हवं, असं असेंब्लीच्याच समितीने म्हटलं. १६५६ मध्ये एलिझाबेथ सुटली.

सहा वर्षांनी आलेला कायदा सुरू होतो तोच मुळी इंग्रज पुरुषांपासून कृष्णवर्णीय बायकांना झालेल्या मुलांविषयीच्या ‘शंकां’नी. बापाचा आधार तिथे तुटला. १६६७ च्या कायद्याने बाप्तिस्म्याचाही तोडला. एकाच बाईचे दोन युक्तिवाद पाच वर्षांच्या आत दोन कायद्यांनी बाद व्हावेत, हा योगायोग मी मानत नाही. कायद्यात तिचं नाव नाही, तरी त्या शंका तिनेच निर्माण केलेल्या, असं माझं ठाम मत आहे. परिणाम भयंकर झाला: मालकाचं पोटचं लेकरू आता त्याच्याच मालमत्तेत जमा होऊ लागलं.

रोमन तत्त्वावर एवढी निष्ठा असती तर ते सगळीकडे पाळलं गेलं असतं. शेजारच्या मेरीलँडने १६६४ मध्ये नेमका उलटा नियम केला: गुलामाशी लग्न करणाऱ्या स्वतंत्र बाईची मुलं बापासारखी गुलाम. व्हर्जिनियातही स्वतंत्र इंग्रज बाईला कृष्णवर्णीय पुरुषापासून झालेलं मूल नियमाने स्वतंत्रच ठरत होतं. म्हणून १६९१ मध्ये असेंब्लीने नवं कलम घातलं: लग्नाबाहेरच्या अशा मुलाला चर्चच्या कारभाऱ्यांनी वयाच्या तिशीपर्यंत चाकरीला बांधावं.