अध्यापनातील प्रक्षेपण : शांबरिक खरोलिकेचा वारसा

महाविद्यालयीन वर्गात प्रक्षेपक हे आधुनिक साधन मानले जाते. महाराष्ट्रात मात्र पडद्यावरील चित्राच्या आधारे विषय मांडण्याची परंपरा शतकाहून जुनी आहे.

कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचपट्ट्यांवर हाताने रंगविलेली पौराणिक कथाचित्रे दिवा व भिंगांच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखविली जात. त्यांना निवेदन व संगीताची जोड असे. काचपट्टी स्वतः बोलत नाही. त्यामुळे कथेचा धागा निवेदकाच्या हाती राहतो आणि चित्र कथनाच्या मागोमाग येते.

पुढे दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी वाटाण्याच्या रोपाची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेऊन लघुपट तयार केला. अनेक दिवसांची वाढ त्यात अल्पावधीत दृष्टीस पडली. फळ्यावरील स्थिर आकृतीला हे साधणे शक्य नव्हते.

या उदाहरणांतून प्रक्षेपणाचे दोन निकष स्पष्ट होतात : चित्राने कथनाला अनुसरावे, आणि शब्द वा फळा जे दाखवू शकत नाही ते दाखवावे. टिपणेच पडद्यावर आणून ती वाचून दाखविल्यास दोन्ही निकष डावलले जातात. अध्यापक वाचक होतो, विद्यार्थी लेखनिक होतो आणि वर्गातील प्रश्नोत्तरे थांबतात. म्हणून प्रक्षेपकाची परिणामकारकता यंत्रापेक्षा निवेदकाच्या तयारीवर अधिक अवलंबून असते, असा निष्कर्ष काढता येतो.